बोक्याचे औषध आणि शेजारधर्म

परळच्या एका चाळीत गिरणी कामगाराच्या वृद्ध विधवेचा बोका आजारी पडला. त्याचा मूत्रमार्ग तुंबला होता. अशा वेळी उपचार न झाल्यास जनावर दोन-तीन दिवसांत दगावते. बाईंच्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनात तो खर्च बसणे अशक्य होते. शेजाऱ्यांनी वर्गणी काढली. बाईंनी ती 'उसनी म्हणून लिहा' या अटीवरच स्वीकारली. तेव्हा एका कार्यकर्त्याने विचारले, "माणसे उपाशी असताना मांजरासाठी वर्गणी?"

प्रश्न प्रामाणिक आहे. परंतु एकाकी म्हातारीच्या घरातील एकमेव सोबत ही चैन नव्हे. शिवाय १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे. कर्तव्य सर्वांचे असेल, तर ते पार पाडण्याची ऐपत मूठभरांचीच का असावी?

परळमध्ये १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्या विद्येचा लाभ चाळी-झोपड्यांपर्यंत पोहोचावा, म्हणून विभागवार अल्पदराच्या पशुदवाखान्यांची मागणी आपण महापालिकेकडे लावून धरली पाहिजे. वर्गणीने एक बोका वाचतो. पुढच्याचा प्रश्न शिल्लकच राहतो. तोवर शेजाऱ्याने हात जरूर द्यावा. मात्र उपकारकर्त्याच्या नव्हे, सोबत्याच्या भावनेने.