वादळ मोजायचं कशात?

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि रात्रीपर्यंत टीव्हीवरून संपलंसुद्धा. दिवसभर सगळे कॅमेरे मरीन ड्राइव्हकडे तोंड करून उभे होते. वादळ थोडं दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आलं, मुंबई वाचली, अँकर लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. विषय संपला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरोनाचे आकडे सुरू.

आपण नागपूरकर तर झिरो माइलच्या शेजारी बसलेली माणसं. भरती-ओहोटी हा आपल्यासाठी भूगोलाच्या पुस्तकातला धडा. "समुद्राचं वादळ आहे ना बे, आपलं काय जाते?" असं म्हणणारे महाभाग माझ्या मित्रांमध्ये भरपूर आहेत. पण या वादळाने एक प्रश्न शिल्लक ठेवला आहे आणि तो नागपूरलाही तेवढाच लागू पडतो. नुकसान मोजायचं कशात?

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षीच कळते. एकक चुकलं की गणित कितीही बरोबर करा, उत्तर चुकीचंच येतं. प्रोग्रॅम क्रॅश होत नाही, एरर येत नाही, रिपोर्ट सुंदर छापून येतो. फक्त तो खोटा असतो. निसर्गनंतरच्या भरपाईचं सुरुवातीला नेमकं हेच झालं.

आधी वादळ काय करतं ते बघू. चक्रीवादळ तीन बाजूंनी मारतं: वारा, पाऊस आणि समुद्र. मध्यभागी हवेचा दाब कमी असल्यामुळे समुद्राची पातळी थोडी वर उचलली जाते, पण त्याहून कितीतरी जास्त पाणी वारा किनाऱ्याकडे ढकलतो. हे पाणी नेहमीच्या भरतीच्या वर चढतं. त्या वर्षी ५ जूनला वटपौर्णिमा होती, म्हणजे वादळ आलं ते उधाणाच्या दिवसांत. त्यामुळे भरतीच्या वर एक ते दोन मीटर पाणी चढू शकतं असा इशारा मुंबई, ठाणे, रायगडला दिला होता आणि किनाऱ्यावरच्या हजारो लोकांना आधीच हलवलं होतं. रायगडला सगळ्यात जास्त झोडपलं ते वाऱ्याने. वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर.

एवढ्या वाऱ्यात कोकणातल्या वाडीचं काय होतं? वाडी म्हणजे आपल्या इकडच्यासारखं एका पिकाचं शेत नव्हे, ती मजल्यांची इमारत असते. सगळ्यात वर नारळ, त्याखाली सुपारी, सुपारीच्या खोडावर चढवलेली मिरी, सावलीत जायफळ आणि केळी. सुपारीचं झाड उंच आणि सडपातळ, ते मध्येच मोडतं. नारळ बऱ्यापैकी वाकतो, पण पावसाने जमीन भिजली की मुळासकट आडवा होतो. आणि वरचा मजला पडला की खालचे मजले उन्हात उघडे पडतात. म्हणजे जे झाड वाऱ्यातून वाचलं तेही नंतर करपायची भीती.

आता हिशेब. आपत्ती मदतीच्या तेव्हाच्या नियमानुसार फळबागांना हेक्टरी १८ हजार रुपये मिळायचे. निसर्गनंतर राज्य सरकारने ते हेक्टरी ५० हजार केले. जवळजवळ तिप्पट, ऐकायला मस्त वाटतं. पण श्रीवर्धन-मुरुडकडे वाड्या हेक्टरांत नसतात हो, गुंठ्यांत असतात! १० गुंठे म्हणजे साधारण हेक्टरचा दहावा भाग. म्हणजे १० गुंठ्यांची अख्खी वाडी भुईसपाट झाली तर जुन्या दराने १,८०० रुपये आणि नव्या दराने ५,०००. पडलेली झाडं कापून बाहेर काढायची मजुरी तरी निघेल का त्यात?

बागायतदारांनी ओरड केली, आणि नंतर सरकारने नारळ-सुपारीसाठी झाडामागे मदत ठरवली: नारळाला २५० रुपये, सुपारीला ५०. समजा त्याच १० गुंठ्यांत १५ नारळ आणि १०० सुपाऱ्या होत्या, तर ८,७५० रुपये होतात. रक्कम अजूनही फुटकळच. एका नारळाच्या झाडाची किंमत फार तर दहा-बारा नारळांएवढी! पण एक मोठी गोष्ट झाली. एकक बदललं. हेक्टरच्या जागी झाड आलं. माझ्या मते निसर्गनंतर झालेला हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय आहे, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी झाली.

मात्र काम अर्धवट राहिलं. कारण झाड हेसुद्धा पूर्ण बरोबर एकक नाही. खरं एकक आहे वर्ष.

भात गेला तर एक हंगाम जातो. वाईट आहे, पण पुढच्या जूनमध्ये पुन्हा पेरता येतं. नारळाची बाणवलीसारखी उंच जात लावली तर फळ धरायला सहा-सात वर्षं, सुपारीलाही तितकीच, आणि भरघोस उत्पन्न यायला त्याहून जास्त. २०२० च्या पावसात लावलेलं रोप २०२७ च्या आसपास कुठे हाताशी येणार. तोवर घर कशावर चालवायचं? पन्नाशीतल्या माणसाने लावलेली वाडी हातात येईपर्यंत तो साठीला टेकतो. मुलगा मधल्या काळात मुंबई-पुण्याला नोकरीला लागलेला असतो. तो परत येऊन वाडी बघेल?

हे नागपूरच्या माणसाला समजायला जड जाऊ नये. आपल्याकडे संत्रा आहे ना! २०१९ च्या उन्हाळ्यात काटोल, नरखेड, वरूड भागात पाण्याअभावी संत्र्याची झाडं वाळली. आंबिया बहार गळणं वेगळं आणि झाडच जळण म्हणून तोडावं लागणं वेगळं, हे तिथल्या कुणालाही विचारा. बहार गेला तर वर्ष जातं. झाड गेलं तर पाच-सहा वर्षं जातात.

आणि शेती सोडा, शहरात या. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला, नाग नदी घरात शिरली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी... समुद्र शेकडो किलोमीटर लांब असून लोक बोटीतून बाहेर काढावे लागले. तातडीची मदत ठरली घरामागे १० हजार. ज्याच्या अंगणात घोटाभर पाणी आलं तेही घर आणि ज्याचा फ्रिज, गाद्या, मुलांची पुस्तकं, सगळं चिखलात गेलं तेही घर. पुन्हा तेच. एकक सोयीचं, पण नुकसानीशी त्याचा संबंध थोडाच.

आता दुसरी बाजू. सरकारी यंत्रणा सोपं एकक निवडते ती उगाच नाही. वादळानंतर वीज नाही, मोबाइलला रेंज नाही, रस्ते झाडांनी अडलेले. अशा वेळी तलाठ्याने प्रत्येक सुपारी मोजत बसायचं म्हटलं तर पंचनामे दिवाळीपर्यंत चालतील. शिवाय झाडं मोजायला लागलात की न लावलेली झाडंही कागदावर पडायला लागतात, हेही आपल्याला माहीत आहे. मुद्दा खरा आहे. पण त्याचं उत्तर वादळाच्या आधी शोधायचं असतं, नंतर नाही. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतः मोबाइलवरून पिकाची नोंद करतो, फोटो टाकतो. त्याच नोंदीत किनाऱ्यावरच्या वाड्यांसाठी झाडांची संख्या आणि अंदाजे वय नीट भरून घेतलं तर वादळानंतर फक्त उरलेली झाडं मोजायची, वजाबाकी करायची. यात रॉकेट सायन्स काही नाही, दोन रकाने आहेत. आणि मदत एकरकमी देऊन मोकळं होण्यापेक्षा रोप फळ धरेपर्यंत दरवर्षी थोडी थोडी द्यावी. रोप जगलं तर पुढचा हप्ता. म्हणजे खोट्या झाडांचाही बंदोबस्त होतो.

एवढा आग्रह आत्ताच का? कारण जीव वाचवायचं काम आपण बऱ्यापैकी शिकलो आहोत. १९९९ च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. त्याच ओडिशात २०१३ च्या फायलिनमध्ये बळींचा आकडा काही डझनांवर थांबला. निसर्गमध्ये महाराष्ट्रातला आकडा त्याहून कितीतरी कमी होता. हवामान खात्याचा अंदाज, वेळेवर स्थलांतर, एनडीआरएफ, हे सगळं कामाला येतं. अर्थात समुद्रावर अजून गोची आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते येणार हे माहीत असूनही पी-३०५ या बार्जवर २६१ माणसं होती आणि त्यातली ७० हून जास्त परत आली नाहीत. पण किनाऱ्यावरची माणसं आता बहुतेक वाचतात. आणि गंमत बघा, माणसं वाचली की बातमीही मरते. वाचलेला माणूस पुढची सात वर्षं कसा जगला, हे कोणी विचारत नाही.

अरबी समुद्र तापतो आहे. २०१९ मध्ये त्यात एका वर्षात पाच चक्रीवादळं झाली. पुढचं केव्हा येईल ते मला सांगता येणार नाही, पण येणार हे नक्की. त्या दिवशी टीव्हीवर वाऱ्याचा वेग दाखवतील, लाटांची उंची दाखवतील, मग हेक्टर दाखवतील. तेव्हा एवढंच विचारा: झाडं किती पडली आणि ती किती वर्षांची होती?