निष्पत्ती कागदावरची आणि वर्गातली

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अनुषंगाने विद्यापीठांनी अभ्यासक्रमांची फेररचना केली आणि ‘अध्ययन निष्पत्ती’ हा शब्द अभ्यासपत्रिकांच्या शीर्षस्थानी विराजमान झाला. शिक्षकाने काय शिकवले यापेक्षा विद्यार्थ्याला काय करता येऊ लागले, हे महत्त्वाचे मानणारी ही कल्पना आहे. तिच्याशी मतभेद होण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो मोजमापाचा.

तंत्रशिक्षणाला हा अनुभव नवा नाही. १९८९ च्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला. या करारामुळे सदस्य देश परस्परांच्या अभियांत्रिकी पदव्या तुल्य मानतात. त्यासाठी राष्ट्रीय मानांकन मंडळाने, म्हणजेच एनबीएने, निष्पत्तींवर आधारित मूल्यांकन स्वीकारले. आकडेमोडीपासून व्यावसायिक नीतिमत्ता आणि आजीवन अध्ययनापर्यंत अपेक्षांची यादी तयार झाली. प्रत्येक विषयाच्या निष्पत्तींची या यादीशी एक, दोन किंवा तीन अशा अंकांत सांगड घालायची आणि परीक्षेतील गुणांवरून ‘साध्यता’ काढायची, ही पद्धत रूढ झाली.

येथेच खरी मेख आहे. किती टक्के विद्यार्थ्यांनी किती गुण मिळवले म्हणजे निष्पत्ती साध्य झाली, हे लक्ष्य बहुधा विभागच ठरवतो. अंतर्गत गुणही तोच देतो. अहवालही तोच लिहितो. लक्ष्य बेताचे ठेवले की यश हमखास! शिवाय पाठांतरावर सुटणाऱ्या प्रश्नपत्रिकेतून ‘समस्येचे विश्लेषण’ ही निष्पत्ती दोन दशांश स्थळांपर्यंत काढली, तरी त्या अचूकतेला अर्थ उरत नाही. आठांपैकी कोणतेही पाच प्रश्न सोडवण्याची मुभा असेल, तर एखादी निष्पत्ती संपूर्णपणे वगळूनही विद्यार्थी उत्तम गुणांनी उत्तीर्ण होतो.

संलग्न महाविद्यालयांची अडचण याहून मोठी आहे. तेथे अभ्यासक्रम व अंतिम परीक्षा विद्यापीठाच्या हाती, निष्पत्तींचा जाब मात्र महाविद्यालयाला द्यावा लागतो. एनबीएने स्वायत्त व संलग्न संस्थांसाठी दोन स्वतंत्र स्तर ठेवले आणि वॉशिंग्टन कराराचा लाभ पहिल्या स्तरापुरताच राहिला, ही बाब पुरेशी बोलकी आहे. अधिकाराविना उत्तरदायित्व लादले की तक्ते भरले जातात, अध्यापन बदलत नाही. त्या तक्त्यांत खर्ची पडणारा वेळ शेवटी वर्गाच्याच वाट्याचा असतो.

यावर उपाय नाहीत असे नाही. विषयागणिक निष्पत्ती मोजक्याच असाव्यात आणि त्या पडताळता येतील अशा क्रियापदांत लिहिल्या जाव्यात. ‘जाण येईल’ याऐवजी ‘आराखडा तयार करील’ असे म्हटले, की परीक्षकालाही दिशा मिळते. विद्यापीठांनी प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांच्या प्रशिक्षणावर खर्च करावा. तपासलेल्या उत्तरपत्रिकांचे व प्रकल्पांचे काही नमुने दुसऱ्या संस्थेतील शिक्षकांनी पाहावेत. मुख्य म्हणजे, कमी पडलेली निष्पत्ती नोंदवणाऱ्या विभागाला शिक्षा होता कामा नये. पुढील सत्रात त्याने अध्यापनात कोणता बदल केला, हे विचारले जावे. अपयश लपवण्यातच संस्थेचे हित असेल, तर प्रामाणिक आकडे कोण देणार?

पदवीधराला अर्ज लिहिता येत नाही किंवा यंत्रातील दोष शोधता येत नाही, ही मालकवर्गाची तक्रार जुनी आहे. साध्यतेचा तक्ता हिरवा आणि पदवीधर रिकाम्या हाताचा, ही विसंगती टिकली, तर या साऱ्या खटाटोपाची निष्पत्ती शून्यच म्हणावी लागेल.