चिंतन कोणीं करावयाचें?

चित्रकला, उपयोजित कला व डिझाइन शिकविणाऱ्या आमच्या महाविद्यालयांतून हल्लीं 'सर्वसमावेशक' आणि 'चिंतनशील' अध्यापनाचा मोठा गजर चालला आहे. गजरास आमची हरकत नाहीं. त्याच्या आड जो व्यवहार चालतो तो मात्र पाहण्यासारखा आहे.

चिंतनाचेंच घ्या. विद्यार्थ्यानें प्रत्येक कामाबरोबर एक वही लिहावयाची, तींत आपण काय केलें, कां केलें, कोठें चुकलों हें नमूद करावयाचें, आणि त्या वहीस गुण मिळावयाचे. वही बहुधा इंग्रजींत. कुंभाराच्या ज्या मुलास मातीची ओल बोटांनीं कळते, त्याचे गुण ठरतात ते व्याकरणावर! आणि शिक्षकाची वही? ती आमच्या तरी पाहण्यांत आलेली नाहीं. या विचारास ज्यानें प्रतिष्ठा दिली त्या डोनाल्ड शोन यानें १९८३ सालच्या आपल्या ग्रंथांत चिंतनाची जबाबदारी टाकली ती व्यवसाय करणाऱ्यावर. आपलें काम चालू असतांनाच त्यानें तें तपासावें, असा त्याचा आग्रह. आमचा व्यवसाय शिकविण्याचा. तेव्हां तपासणी आमची व्हावयास हवी होती. आम्हीं तें ओझें उचलून अठरा वर्षांच्या पोराच्या पाठीवर ठेविलें.

सत्राखेरीस होणारी 'ज्यूरी' पाहावी. नांवच न्यायालयाचें! भिंतीवर चित्रें टांगलेलीं, समोर तीन-चार परीक्षक, आणि विद्यार्थी आरोपीसारखा उभा. 'रंग भडक', 'रेषा कच्ची', 'ही कारागिरी झाली, कला नव्हे', असे निकाल भराभर सुटतात. भडक, पण कोणाच्या डोळ्यांस? मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ सालीं निघाली ती विलायती नमुन्यावर. प्लास्टरच्या ग्रीक मूर्ति पुढें ठेवून छायाप्रकाश गिरविण्यावर जो डोळा घडला, तोच पिढ्यान् पिढ्या न्यायाधीश होऊन बसला आहे. (त्याच शाळेचे विद्यार्थी ग्रिफिथ्स साहेबांबरोबर १८७२ ते १८८५ या काळांत अजिंठ्याच्या भिंतींच्या प्रतिकृति करीत होते, हें आम्ही विसरलों नाहीं.) डहाणूकडे लग्नाच्या वेळीं वारली सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात. त्यांची नक्षी आम्ही शहरी मुलांकडून किनारीकरितां हौसेनें काढवून घेतों. पण पाड्यावरची मुलगी वर्गांत आली, कीं तिला पहिल्याच आठवड्यांत यथार्थदर्शन येत नाहीं म्हणून कच्ची ठरवितों.

दर्जा घसरेल, हा आक्षेप ठरलेलाच. त्याचें उत्तर शांतिनिकेतनांत भिंतींवरच आहे. बिनोदबिहारी मुखर्जी यांना लहानपणापासून एका डोळ्यानें दिसत नसे व दुसऱ्यानें अगदीं अधूं. असा मुलगा आमच्या प्रवेशपरीक्षेच्या दारांतून आंत आला असता काय? १९१९ सालीं निघालेल्या कलाभवनानें त्यांना घेतलें. नंदलाल बोस यांच्या हाताखालीं ते शिकले, पुढें तेथेंच शिक्षक झाले, आणि हिंदी भवनांत मध्ययुगीन संतांचें विशाल भित्तिचित्र त्यांनीं १९४६-४७ सालीं काढलें. पुढें शस्त्रक्रियेनंतर दृष्टि समूळ गेली. तरी १९७२ सालीं त्यांनीं कलाभवनांत फरशांचें भित्तिचित्र उभें केलें. के. जी. सुब्रमण्यन् व सत्यजित राय हे त्यांचे विद्यार्थी. दर्जा घसरला तो कोठें?

आमची मागणी लहानशी आहे. ज्यूरींत पहिल्यानें विद्यार्थ्यानें बोलावें, तेंही ज्या भाषेंत त्याला विचार सुचतो त्या भाषेंत. मग परीक्षकानें, आपण त्या चित्रांत काय शोधीत होतों आणि तेंच कां, हें दोन ओळींत लिहून गुणांबरोबर द्यावें. कांहीं परीक्षक यास वेळेची अडचण सांगतात. चाळीस विद्यार्थ्यांचें काम एका दिवसांत उरकण्याचा नेम कोणीं घालून दिला, हें मात्र त्यांना सांगतां येत नाहीं.