आधी ट्रनियन उघडा

मंडळी, आमच्या अक्कांच्या धाकट्याने जुनी स्टँडर्ड हेरल्ड घेतलीय, दोन दारांची. ट्रायम्फ स्पिटफायर ही इंग्लिश स्पोर्ट्स कार हेरल्डचाच सांगाडा आखूड करून बेतलेली. तेवढ्यावर, "मामा, ही स्पोर्ट्स कारच आहे" म्हणे. आता कडक स्प्रिंगा टाकून गाडी बुटकी करायची आहे. याला तो 'अपग्रेड' म्हणतो. मी याला दुरुस्तीचा कंटाळा म्हणतो!

पन्नास वर्षांत रबरी बुश दगड होतात. गाडी डुलते, खडखडते ती त्यामुळे. त्यावर कडक स्प्रिंग बसवली की दणका थेट सांगाड्याला. आणि उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी उखडलेल्या आपल्या रस्त्यांवर कडक गाडीचं चाक टिकतच नाही, उडतं. उडालेल्या चाकाला ब्रेक नाही, स्टिअरिंग नाही.

त्याहून मोठी गोष्ट ट्रनियनची. पुढच्या चाकाच्या आधाराला खाली हा पितळी तुकडा असतो. स्टिअरिंग वळवलं की चाक त्याच्या आट्यांवर फिरतं. त्यात गिअरचं तेल घालायचं असतं. (आपल्याकडे ग्रीसगन हाताशी असली की दिसेल त्या भोकात ग्रीस.) तेल नसलं की आतली पोलादी दांडी आट्यांशी गंजते, मोडते आणि चाक आडवं होतं. हे त्याने अजून उघडून पाहिलेलं नाही. स्प्रिंगांचे भाव मात्र पाठ आहेत.

'मूळचं तेच ठेवा' म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. हेरल्डच्या मागच्या चाकांची रचना अशी, की जोरात वळताना अचानक पाय उचलला तर चाकं आत दुमडून मागची बाजू उचलली जाते. हे कंपनीनेच मान्य केलं: १९७०च्या स्पिटफायरमध्ये पाट्यांची बरीच पानं मधोमध हलती ठेवली, आणि मद्रासच्या स्टँडर्डने १९७२च्या गॅझेलला सरळ अखंड ॲक्सल दिला. उंची थोडी उतरवली तर हा दोष कमी होतो, खरं आहे. पण मग शाहूपुरीतले स्पीडब्रेकर कसे ओलांडणार?

आणि सांगाड्याला वेल्डिंग करायचा विचार असेल, तर २०२१चा केंद्राचा नियम वाच. पन्नास वर्षांवरची गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवायची तर सांगाडा, बॉडी, इंजिन यांत बदल चालत नाही.

तेव्हा अक्का, त्याला सांगा: उद्यमनगरात पाटे उतरव, बुश नवे घाल, ट्रनियन उघडून मला दाखव. मग फोंडा घाटात मी शेजारी बसतो.