परत आलेली साडी आपलीच आहे का?

मैत्रिणींनो, संक्रांतीच्या आधी काळ्या साड्यांना किती मागणी असते ते तुम्हाला काय सांगायचं! ज्या भगिनी घरबसल्या मोबाइलवरून साड्या, ब्लाउजपीस, दागिने विकतात, त्यांना त्या दिवसांत धड जेवायचीही उसंत मिळत नाही. पण संक्रांत झाली, हळदीकुंकू आटोपलं, की आठ दिवसांत परतीची पार्सलं यायला लागतात. कारण काय, तर 'रंग आवडला नाही'. आणि पार्सल उघडून पाहावं तर पदराला कुंकवाचा डाग, खांद्याशी पिनेची भोकं आणि वर अत्तराचा वास! म्हणजे साडी आवडली नव्हती असं नाही. चांगली मिरवून झाली आणि मग नावडती झाली.

या विषयावर बऱ्याच जणींनी लिहिलंय. त्यातल्या एकीचं पत्र असं: "ताई, मी ९०० रुपयांची खणाची साडी पाठवली. परत आली ती जुनी, विटकी सुती साडी. कंपनीला कळवलं, तर पुरावा द्या म्हणाले. आता पुरावा कुठून आणू? घरातले म्हणतात, हा उद्योग बंद कर."

उद्योग बंद करायचं मुळीच कारण नाही. पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. गेलेल्या साडीचा पुरावा आता तयार करता येणार नाही. पुरावा तयार व्हायला हवा तो साडी घराबाहेर पडण्याआधी. ही एक सवय लागली की निम्मी काळजी मिटते.

आधी हिशेब पाहू

घरातल्या मंडळींना वाटतं, एका साडीचं काय एवढं! तर समजा, ती साडी तुम्हाला ६५० रुपयांना पडली. कंपनीचं कमिशन आणि पाठवणावळ मिळून १२० गेले, पिशवी-टेपचे २० गेले. ९०० मधून हे वजा जाता हाती राहिले ११० रुपये. आता तीच साडी बदलून परत आली, तर साडीचे ६५०, पॅकिंगचे २० आणि परतीच्या वाहतुकीचे समजा १३०, असे ८०० रुपये बुडाले. ते भरून काढायला आणखी सात-आठ साड्या विकायला हव्यात! आठ साड्यांची मेहनत एका पार्सलापायी पाण्यात. तेव्हा 'जाऊ दे' म्हणून सोडून देण्याजोगी ही गोष्ट नाही.

परत आलेलं प्रत्येक पार्सल फसवणूक नव्हे

मात्र दुधाने तोंड पोळलं म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाकडे संशयाने पाहू नका. पुष्कळदा साडी परत येते ती आपल्याच फोटोमुळे. दिव्याच्या उजेडात काढलेल्या फोटोत जांभळा रंग निळा दिसतो. ब्लाउजपीस आहे की नाही हे लिहायचं राहून जातं. अशा वेळी ती बाई परत पाठवणारच, आणि तो तिचा हक्क आहे. केंद्र सरकारचे २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात, की माल सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीत पोचला नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. तेव्हा 'एकदा दिलेला माल परत घेतला जाणार नाही' ही दुकानातली जुनी पाटी इथे चालत नाही, बरं का.

दुसरा प्रकार दारातून परत येणाऱ्या पार्सलाचा. पैसे पार्सल मिळाल्यावर द्यायचे असले, की काही जणी ऑर्डर देतात आणि ऐन वेळी मन बदलतं, नाहीतर घरात कुणी नसतं. हे पार्सल न उघडता परत येतं. त्रास होतो खरा, पण त्याला लबाडी म्हणता येणार नाही.

खरी लबाडी ओळखायची ती अशी: वापरून परत पाठवणं, चांगली वस्तू ठेवून जुनी किंवा हलकी घालणं, सहाच्या संचातले चारच परत करणं, भरलेलं पार्सल मिळूनही 'रिकामं आलं' म्हणणं, आणि 'निम्मे पैसे परत द्या, नाहीतर एकच तारा देईन' अशी धमकी देणं. या धमकीला बळी पडून परस्पर पैसे मुळीच पाठवू नका. तो संदेश तसाच ठेवा आणि कंपनीकडे द्या.

पार्सल पाठवताना

आता मुख्य कामाकडे वळू. यासाठी महागडं काही लागत नाही. मोबाइल, स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, सुईदोरा आणि एक दोनशे पानी वही.

१. खूण करा. नेसताना जे टोक आपण आधी कमरेला खोचतो, तिथे कोपऱ्यात ठरावीक रंगाच्या दोऱ्याचे दोन टाके घाला. ही खूण फोटोत दाखवून गिऱ्हाइकाला सांगायची नाही. ती तुमची.

२. चिठ्ठी बांधा. पदराच्या दर्शनी भागावर नंबर घातलेलं लेबल दोऱ्याने असं बांधा, की ते कापल्याशिवाय साडी नेसून मिरवताच येणार नाही. त्यावर लिहा, 'पसंत नसल्यास लेबलासह परत करावी.' प्रामाणिक गिऱ्हाइकाला याचा काहीच त्रास नाही. मिरवून परत करणारी मात्र इथेच थबकते.

३. वजन करा. पार्सल बंद केल्यावर काट्यावर ठेवा आणि आकडा वहीत लिहा. जड साडीच्या जागी ओढणी आली तर वजनाचा फरक लपत नाही.

४. व्हिडिओ काढा, तोही सलग. मध्ये थांबवलेला, जोडलेला नको. साडी उलगडून दोन्ही बाजू दाखवा, खूण दाखवा, चिठ्ठीचा नंबर दाखवा, पिशवीत घाला, टेप लावा, ऑर्डर नंबराचं लेबल चिकटवा आणि काट्यावरचा आकडा दाखवा. सवय झाली की दोन मिनिटांत होतं. मोबाइल धरायला कुणी नसेल तर डब्यांच्या चळतीला टेकवून ठेवा. व्हिडिओला ऑर्डरचा नंबरच नाव म्हणून द्या, म्हणजे पुढे शोधाशोध नको.

आता तुम्ही म्हणाल, दिवसाला वीस पार्सलं असली तर हे सगळं कधी करायचं? खरंय. मग निदान महागड्या वस्तूंचं तरी चुकवू नका, आणि सणासुदीच्या दिवसांत तर मुळीच नको.

परतीचं पार्सल घेताना

इथे आपली मोठी चूक होते. कुरिअरवाला मुलगा घाईत असतो, कुकरची शिट्टी वाजत असते, आपण पार्सल घेऊन बाजूला ठेवतो आणि दुपारी निवांत उघडतो. मग आतून निघालेलं फडकं पुन्हा कुणाला दाखवणार?

तर, पार्सल हातात घेण्याआधी बाहेरून पाहा. फाटलेलं असेल, दुसरा टेप लावलेला असेल, तर तिथल्या तिथे फोटो काढा आणि पोच देताना ते नोंदवा. ओटीपी विचारत असतील तर पाहणी झाल्याशिवाय सांगू नका. त्या मुलाशी भांडू नका. तो बिचारा निरोप्या आहे.

त्यानंतर पार्सल कॅमेऱ्यासमोरच उघडा. आधी सगळ्या बाजू, लेबल, टेप आणि वजन दाखवा, मग कात्री लावा, मग आतली वस्तू उलगडा आणि आपली खूण शोधा. हाही व्हिडिओ सलगच हवा. एकदा पार्सल फोडून पुन्हा चिकटवून काढलेला व्हिडिओ कुणी मानत नाही, आणि मानू नयेच.

तक्रार कशी लिहावी

मोठ्या कंपन्यांकडे विक्रेत्यांसाठी भरपाई मागण्याची सोय असते. अ‍ॅमेझॉनवर तिला 'सेफ-टी क्लेम' म्हणतात, फ्लिपकार्टवर 'एसपीएफ'. इतरांकडेही विक्रेत्याच्या पानावर 'क्लेम' किंवा 'मदत' असा भाग सापडतो. त्यासाठीची मुदत प्रत्येकाची वेगळी, शिवाय अधूनमधून बदलणारी. ती आजच आपल्या पानावर पाहून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मुदत टळली तर पुरावा कितीही पक्का असला तरी उपयोग होत नाही. म्हणून पार्सल आलं त्याच दिवशी तक्रार, हा नियमच करा.

तक्रारीत रडगाणं नको. 'मी गरीब आहे, माझं फार नुकसान झालं' हे खरं असलं तरी तिथे कुणी वाचत नाही. एवढंच लिहा:

'ऑर्डर क्रमांक अमुक. तमुक तारखेला हिरवी खणाची साडी पाठवली, पार्सलचं वजन ५२० ग्रॅम. तमुक तारखेला परत आलं, वजन ३४० ग्रॅम. आत वेगळी, वापरलेली सुती साडी आहे. चिठ्ठी क्रमांक २७ आणि ओळखीची खूण नाही. पाठवतानाचा आणि उघडतानाचा व्हिडिओ व चार फोटो जोडले आहेत. भरपाई मिळावी.'

इंग्रजीत लिहावं लागलं तर मुलांकडून लिहून घ्या, पण मजकूर इतकाच ठेवा. पहिल्यांदा नाकारली तर खचू नका. कशासाठी नाकारली ते वाचा, राहिलेला फोटो जोडा आणि पुन्हा मागा.

रक्कम मोठी असेल तर पोलिसांतही जाता येतं. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८ आहे. मूळ व्हिडिओ मोबाइलमधून पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली प्रत म्हणजे मूळ नव्हे.

ज्या भगिनी व्हॉट्सअ‍ॅपवरच विक्री करतात त्यांनी आणखी एक जपावं. 'चुकून जास्त पैसे आले, उरलेले परत करा' असा फोन आला तर समोरच्याने पाठवलेल्या चित्रावर विश्वास ठेवू नका, आपलं बँकखातं पाहा. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की समजा, पैसे जाणार आहेत. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सरकारी क्रमांकावर कळवा.

दोन गोष्टी जिवाभावाच्या

पहिली अशी. राग आला म्हणून गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, फोन नंबर कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. साडी बदलली हे आपल्याला ठाऊक आहे. ती कुणी बदलली हे मात्र आपण पाहिलेलं नाही. त्या बाईच्या घरापासून आपल्या दारापर्यंत पार्सल कितीतरी हातांतून येतं. कदाचित तिने चांगलीच साडी परत केली असेल! एखाद्या संसारी बाईच्या नावाला बट्टा लावणं सोपं, पण नंतर तो पुसता येत नाही. तक्रार करायची ती पार्सलाबद्दल, माणसाबद्दल नव्हे.

दुसरी गोष्ट आपल्याच घरातली. लग्नाला जायचंय, कपाटातलं काही मनास येत नाही, मग 'मागवू या, एक दिवस नेसू, लेबल आत दुमडून ठेवू आणि परत करू' असं आपल्या जाऊबाई, नणंद, कधी कॉलेजात जाणारी लेक सहज बोलून जाते. 'एवढी मोठी कंपनी, तिला काय फरक पडतो!' असंही वर म्हणते. तिला हा ८०० रुपयांचा हिशेब जरूर दाखवा. नुकसान कंपनीच्या नाही, तर कुणातरी आपल्यासारखीच्या वहीत लिहिलं जातं.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीला माझं एवढंच सांगणं आहे. घरातल्यांना म्हणावं, उद्योग बंद नाही करत, वही सुरू करतेय. पुढचं पार्सल बांधाल तेव्हा आधी दोन टाके घाला, मग टेप लावा. आणि तीन महिन्यांनी वहीतला जमाखर्च काय सांगतो ते मला जरूर कळवा.