सरसकट गुन्हा कसा?

संपादक महोदय,

गाडीतला प्रत्येक बदल बेकायदा, हे आपल्या अंकातील मत चुकीचे आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही. कर्कश सायलेन्सर त्यात सापडतो आणि सापडायलाच हवा. पण मूळ मापाचेच चांगल्या पकडीचे टायर किंवा नवे ब्रेक ऑइल हा फेरफार कसा? आमच्या इथल्या चेलाडी फाट्यावर ट्रकमागून अचानक ट्रॅक्टर आडवा येतो, तेव्हा तेच जीव वाचवतात.

वेगाची हौस ट्रॅकवर भागवा, म्हणता. कारी स्पीडवेचा ट्रॅक तर दूर कोइम्बतूरला आहे! शिवाय पहिलीच गाडी घेतलेल्या पोराकडे ट्रॅकसाठी दुसरी कुठून येणार? तो तीच गाडी ट्रॅकवर नेणार असेल, तर त्याला एवढे जरूर सांगा: रेसचे ब्रेक पॅड तापल्याशिवाय नीट धरत नाहीत, ते बदलूनच हायवेला लाग.

— एक वाचक, नसरापूर (ता. भोर)