टाचेला जागा ठेवा

हल्लीच्या 'हायब्रिड' सायकली दुकानातून घरी येतात त्या बहुधा नुसत्या हाडांच्या. ना मडगार्ड, ना कॅरियर, ना साखळीवर झाकण. ज्याला ऑफिसला जायचंय किंवा बाजार आणायचाय त्याने हे सगळं मागाहून विकत घ्यायचं. आणि दुकानात ते बसवून मिळतं ते असं, की जणू सायकल भिंतीला टेकवून फोटोच काढायचाय! माझी तक्रार आहे ती याबद्दल.

कॅरियरच्या दोन्ही अंगांना लटकणाऱ्या पिशव्यांना सायकलवाली मंडळी पॅनियर म्हणतात. मला आपला 'पडशी' हा शब्द आठवतो. खांद्यावर टाकायची, एक कप्पा पुढे, एक मागे. वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुखभर हिंडत, त्यांच्या गोणीही अशाच दोन्ही बाजूंना असत. फरक इतकाच, की बैलाला पेडल नसतं. सायकलवर मात्र पिशवीच्या अगदी पुढ्यात माणसाचं पाऊल गोल गोल फिरत असतं, आणि पिशवी जरा पुढे आली की दर फेरीला टाच तिच्यावर आपटते.

मी शाळेत मराठी शिकवलं, भूमिती नाही. पण हे गणित चौथीच्या मुलालाही जमेल. अशा सायकलीत पेडलच्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंत साधारण ४३ सेंटिमीटर अंतर असतं. पेडलचा दांडा १७ सेंटिमीटरचा. म्हणजे पेडल अगदी मागे गेलं की २६ उरले. चवडा पेडलवर ठेवला, तर तिथून टाचेपर्यंत बुटासकट १९ सेंटिमीटर धरा. उरले ७. आता ३० सेंटिमीटर रुंदीची पिशवी चाकाच्या बरोबर मध्यावर टांगली, तर ती आसाच्या पुढे १५ सेंटिमीटर येणार. जागा सातची, पाहुणा पंधराचा! टाच आपटणारच. त्यात पायाची, बुटाची किंवा चालवणाऱ्याची काही चूक नाही.

आमच्या लहानपणी हा प्रश्न कुणाला पडल्याचं आठवत नाही. दूधवाल्याच्या सायकलला दोन्ही बाजूंना भरल्या किटल्या असायच्या आणि तो गाणं म्हणत जायचा. त्या काळ्या सायकली लांबलचक, चाकं २८ इंची, मागचं चाक सीटपासून चांगलंच दूर. किटल्यांचे आकडेही कॅरियरच्या मागच्या टोकाकडे. शिवाय तो चवड्यावर पेडल मारायचाच नाही. चप्पल घातलेलं पाऊल मधोमध ठेवायचा, त्यामुळे टाच आपोआप सहा-सात सेंटिमीटर पुढे राहायची. आता व्यायामाचे शिक्षक सांगतात, चवड्यावर पेडल मारा. बरोबरच आहे ते, पण त्याने टाच मागे जाते हे कुणी सांगत नाही. (त्या काळ्या सायकली बनवणाऱ्या अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला. नेमका जागतिक सायकल दिनाचा मुहूर्त. असो.)

हे सगळं मी इतकं मनावर का घेतलं? आमची सून वांद्रे पश्चिमेहून बीकेसीला सायकलने जाते. लॅपटॉप, डबा, पाण्याची बाटली, येताना भाजी. कॅरियर आणि पिशव्या एका दुकानाने 'फिट' करून दिल्या. आठवड्याच्या आत कलानगरच्या सिग्नलला, हिरवा दिवा लागल्यावर तिने जोर लावून पेडल मारलं, टाच पिशवीत अडकली, पाऊल निसटलं आणि सायकल डावीकडे कलंडली. मागची बस थांबली म्हणून निभावलं. संध्याकाळी गुडघ्याला हळद लावताना म्हणते कशी, "आई, माझेच पाय मोठे आहेत." मला राग आला तो या वाक्याचा. दुकानात तिला ती पिशवी टांगलेल्या सायकलवर कुणी बसवून पाहिलं होतं का? तर नाही. पिशवी कॅरियरच्या मापाने बसवली होती, पावलाच्या नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की कॅरियर विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला सायकलवर बसवून, पिशव्या भरून, पेडल उलटं फिरवून दाखवल्याशिवाय पैसे घेऊ नयेत. चपलांच्या दुकानात पाय घालून बघायला देतात ना? मग इथे का नको?

दुकानात नाही झालं तर घरी करा. एकाने सायकल धरायची, दुसऱ्याने रोज घालायचे तेच बूट घालून बसायचं. खडू घ्या (आमच्या घरात अजून सापडतो!) आणि बुटाच्या टाचेला मागून आणि दोन्ही बाजूंनी चांगला फासा. दहा-बारा वेळा पेडल फिरवा. पिशवीवर पांढरं उमटलं तर तिथे अडचण आहे. पिशवी भरलेलीच हवी, कारण रिकामी पिशवी सालस असते, कांदे-बटाटे भरले की पोट पुढे काढते. दोन बोटं मोकळी राहिली पाहिजेत.

उपाय पहिला आणि सर्वांत चांगला, पिशवी मागे सरकवणे. बऱ्याच पिशव्यांचे वरचे आकडे स्क्रू सैल केले की पट्टीवर सरकतात. तेवढ्याने भागलं नाही तर कॅरियरच मागे घ्या. पुढच्या दोन पट्ट्यांना लांबट खाचा असतात त्या त्यासाठीच. वरच्या हिशेबात निदान दहा सेंटिमीटर मागे जायला हवं, म्हणजे टाचेला बोटभर जागा राहील. पण हावरटपणाही नको. सगळा भार चाकाच्या फार मागे गेला तर चढावर पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल डोलायला लागतं. पाली हिलच्या चढावर हे लगेच कळेल. जड वस्तू तळाशी, शक्य तितक्या चाकाच्या आसाजवळ.

दुसरा उपाय पिशवीच्या आकारात आहे. टाच फिरते ती खालच्या उंचीवर, पिशवीच्या वरच्या भागाला ती शिवतही नाही. म्हणून खालचा पुढचा कोपरा तिरका कापलेला असेल तर अर्धं भांडण मिटतं. पिशवी उंच टांगण्याचा सल्लाही देतात, पण त्याने भार वर जातो आणि उतरताना सायकल अंगावर येते. माझ्यासारख्या पंचाहत्तरीच्या आसपासच्या बाईला तर तो मुळीच पटत नाही.

आणि हो, पिशवी मागे नेऊन उपयोग काय, जर ब्रेक मारल्यावर ती पुन्हा पुढे घसरणार असेल? आकड्याच्या पुढे अडसर हवाच. खाली एक पट्टा किंवा आकडाही हवा, नाहीतर पिशवी झुलून तारांत जाईल. फक्त सीटच्या दांड्याला चिमटणारी कॅरियर तर या कामाला घेऊच नयेत. त्यांना बाजूचा आधार नसतो.

काहीजण म्हणतील, पाठीवर सॅक घ्या, इतका खटाटोप कशाला? मे महिन्यात मुंबईत दहा मिनिटं सॅक लावून सायकल चालवा आणि मग ऑफिसच्या मीटिंगला बसा, एवढंच सांगते. पुढची टोपली कोथिंबिरीला ठीक, पण पाच किलो तांदूळ ठेवले की हँडल ऐकत नाही.

रिक्षाचं कमीत कमी भाडं फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये झालं. स्टेशन ते बीकेसी रोजची येजा धरली तर सायकल ही चैन नाही, सोय आहे. २०११ साली बीकेसीत सायकलींसाठी वेगळ्या मार्गिका आखल्या होत्या, २०२५ मध्ये त्या काढून गाड्यांना जागा द्यायचं ठरलं. म्हणजे आता सायकलवाल्याने बस आणि डंपरच्या शेजारूनच जायचं. तिथे अडखळायला एक क्षणही मिळत नाही.

सुनेच्या पिशव्या शेवटी आम्ही बाजार रोडवरच्या एका पिशव्या शिवणाऱ्याकडून करून घेतल्या. जाड ताडपत्रीचं कापड, खालचा पुढचा कोपरा तिरका, आत पावसासाठी प्लॅस्टिकची वेगळी पिशवी. तो आधी म्हणाला, "काकू, वाकडं दिसेल." मी जुन्या कॅलेंडरच्या पानावर नमुना कापून दिला. उजवी आणि डावी पिशवी एकमेकींच्या उलट लागते, ते त्याला दोनदा सांगावं लागलं. तो कागदी नमुना माझ्याकडे आहे. डोंबिवली आणि ठाण्याच्या मंडळींना हवा असेल तर घेऊन जा, मात्र येताना बूट घालून या, चपला नकोत.